एवढी फिट बाई

फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं माप घेत होते. टेप तिच्या दंडाभोवती, टाचण्या माझ्या तोंडात, आणि फोन वाजतच राहिला. उचलला तर पलीकडे देवळाली कॅम्पमधल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. बातमी सांगायच्या आधी त्यांनी दोनदा विचारलं, तुम्ही बसलेल्या आहात का, घरात आणखी कुणी आहे का. तेव्हाच काय ते कळलं. माझी नणंद कुमुद, त्या शाळेतल्या पी.टी.च्या बाई, मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या गेली होती. समोर डबा उघडलेला होता. दवाखान्यात नेलं, पण हृदय बंद पडलं होतं, तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे सगळं सांगून झाल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण एवढ्या फिट होत्या हो त्या..."

हे वाक्य त्यानंतर मी किती जणांकडून ऐकलं याचा हिशेब नाही. अमरधाममध्ये ऐकलं, दहाव्याला ऐकलं, तेराव्याला वाढताना ऐकलं. इस्त्रीवाला म्हणाला, खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, कॅम्पच्या बसचा कंडक्टर मुद्दाम भेटायला आला होता, तोही म्हणाला. एवढी फिट बाई. सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावून सांगायचे, खुर्चीवर बसवून, नीट पहिल्यापासून. लोक ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि जाताना पायऱ्यांवर एकमेकांना पुन्हा तेच म्हणायचे. पुढे पुढे मीच नुसती मान हलवायला लागले. थकले, खरं सांगायचं तर. म्हणून एकदाच लिहून छापायला द्यायचं ठरवलं. आता कुणी म्हणालं की कात्रण पुढे करीन.

तर कुमुद फिट नव्हती. वयात आल्यापासून ती आजारी होती, आणि तिच्या आजाराचं रूपच असं होतं की बघणाऱ्याला ती तब्येत वाटायची.

माझं माहेर नाशिक रोडचं, सासर सटाण्याचं. घरचा कांदा, अंगणाच्या कडेला कांदा साठवायची लांबलचक चाळ. लग्न होऊन गेले तेव्हा कुमुद माझ्याच वयाची. सासूबाईंसमोर मी तिला ताई म्हणायचे आणि त्या वळल्या की कुमुद. ती मला शेवटपर्यंत वहिनी आणि तुम्हीच म्हणाली. शिवणकाम करणारीला माणसाचं तोंड नंतर दिसतं, आधी खांदा, दंड, मनगट. कुमुदच्या दंडावर आणि पोटऱ्यांवर चरबी म्हणून नव्हतीच. कातडीखाली लगेच स्नायू आणि त्यावर निळ्या शिरा उठून आलेल्या. गळ्याशी, हनुवटीखाली मात्र ती चांगली भरलेली होती. तिचा पहिला ब्लाउज शिवायला घेतला तर बाही एका बाईची आणि गळा दुसऱ्याच बाईचा. लहानपणी ती चारचौघींसारखीच गुबगुबीत होती म्हणे, मग वयात येताना हातापायांवरचं सगळं उतरून गेलं. शाळेत कबड्डी खेळायची, त्यामुळे घराने आणि गावाने ठरवून टाकलं की हे खेळून कमावलेलं अंग आहे. माजघरात सासऱ्यांचा फोटो होता. ते तरुणपणीच हृदयविकाराने गेलेले. फोटोत धोतर जरा वर खोचलेलं आणि पोटऱ्या अगदी कुमुदसारख्या. पहिलवान बापाची पहिलवान लेक, एवढाच अर्थ सगळ्यांनी काढला.

आणि तिला भूक लागायची. साधी नव्हे. जेवून हात धुतला की पुन्हा लागायची. पाहुण्यांसमोर ती दोन भाकऱ्यांवर उठायची आणि पाहुणे गेले की चुलीपाशी बसून गार भाकरी चटणीशी खायची. घरात तिला खादाड हे विशेषण नावासारखं चिकटलेलं. सासूबाईंना मात्र वेगळीच काळजी. "पोर बठ्ठं खास, पन आंगले काय लागत नही," पोर सगळं खाते पण अंगाला काही लागत नाही, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या, आणि कुणाची तरी नजर लागली असं म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून टाकायच्या. मग अंगाला लागावं म्हणून तुपाची धार, सायीची वाटी, हिवाळाभर डिंकाचे लाडू. आईच ती. बारीक लेकीला दुसरं काय देणार. त्या तुपाला तिच्या शरीरात जायला जागाच नव्हती, हे त्या माउलीला कुठून कळावं. लाडू खाऊन कुमुद माझ्या शिवणाच्या खोलीत यायची आणि मशीनमागे बसून शेंगदाणे खायची. एकदा ती आपणहून म्हणाली, वहिनी, मी हावरट नाही हो, मला खरंच लागते. मी म्हटलं, लागते तर खा.

लग्नाच्या वेळी हात आडवे आले. साडीत पाय झाकतात, हात कुठे झाकणार? बघायला आलेल्या बायका चहाचा कप घेताना तिच्या मनगटाकडे बघायच्या. एका मुलाच्या आत्याने तर चक्क दंड चाचपून पाहिला आणि मुलगी शेतात फार राबते का असं विचारलं. शेवटी मी एक युक्ती काढली. कोपरापर्यंत बाहीचा ब्लाउज शिवला आणि अस्तरात कापसाचा पातळ थर टाचला. वरून काही कळत नव्हतं, हात कसा गोल गरगरीत. घोटीचं एक स्थळ त्या बाहीवर पसंतीपर्यंत आलं. भातगिरणीवाले होते, माणसं बरी होती, मुलगा सालस. होकाराचा निरोप आला त्या दुपारी कुमुद माझ्याकडे आली, तो ब्लाउज माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, आणि लग्नानंतर काय? रोज कापूस भरून झोपू?" आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग तिनेच नकार कळवला. त्यानंतर तिने कुणाला बघायला येऊ दिलं नाही. बी.पी.एड. केलं आणि देवळाली कॅम्पला नोकरी धरली.

तिथे तिचं बरं चाललं. जवानांची मुलं, दर दोन-तीन वर्षांनी बदली होऊन जाणारी, पुन्हा नवी येणारी. फौजी बापांना अशा बाई आवडायच्या. तिच्या हाताच्या शिरा बघून मुलं चळाचळा कापायची आणि प्रत्यक्षात ती कुणावर हात उगारत नसे. पुढे सासूबाई गेल्या, आम्हीही नाशिक रोडला आलो. तिची खोली कॅम्पात आणि रविवार आमच्याकडे. पस्तिशीच्या आत तिला साखर निघाली. निघाली ती अशी की गोळ्यांनी हटेना, इन्सुलिन वाढवत नेलं तरी हटेना. डॉक्टर बदलले. प्रत्येक डॉक्टर आधी तिच्याकडे, मग कागदाकडे बघायचा. एवढी सडसडीत, ग्राउंडवर पळणारी बाई, हिची साखर एवढी कशी? मग ठरलेला प्रश्न, तुम्ही चोरून गोड खाता का? एकाने तिला खोलीबाहेर पाठवून मलाच विचारलं. आणि मजा म्हणजे वजन कमी करायचा सल्ला दर वेळी मला मिळायचा. मी तेव्हाही पेशंटच्या शेजारच्या खुर्चीला पुरून उरेन अशी होते. माझं रक्त तपासलं तर सगळं स्वच्छ. कुमुदला याचं फार हसू यायचं. दवाखान्यातून निघाल्यावर ती मला नेमाने सांगायची, वहिनी, तुमच्या अंगावर आहे ते जपा, कुणाच्या सांगण्याने घालवू नका. ती थट्टा करायची तेव्हा तिलाही माहीत नव्हतं की ती किती बरोबर बोलते आहे.

कळलं ते आखाजीनंतर. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणीचा मान मोठा. त्या वर्षी कुमुद राहायला आली होती. मांडे केले, आमरस केला, वर तूप. माहेरपण म्हणजे आग्रह, आणि आग्रहात मी कमी पडणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पोटात असं दुखायला लागलं की ही कबड्डी खेळलेली बाई फरशीवर गडाबडा लोळली. दवाखान्यात नेलं, रक्त काढलं. थोड्या वेळाने लॅबमधला माणूस स्वतः वर आला. त्याला वाटलं नमुना खराब झाला, म्हणून पुन्हा रक्त घ्यायचं होतं. दुसरी नळीसुद्धा तशीच. त्याने ती उजेडात धरून आम्हाला दाखवली. खाली लाल आणि वर पांढरा, दुधाच्या सायीसारखा दाट थर. ती चरबी होती. कुमुदच्या रक्तातून तूप वाहत होतं. स्वादुपिंडाला सूज आली होती आणि तिचं पुढे काय होणार हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

ती त्यातून उठली. आणि त्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, हार्मोन्सच्या विकारांची, तिने पहिल्यांदा कुमुदचे पाय बघितले. इतकी वर्षं प्रत्येकाने रिपोर्ट बघितले होते. हिने सलवार गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितली, पोटऱ्या पाहिल्या, दंडावरची कातडी चिमटीत धरून पाहिली, मानेकडे पाहिलं. मग विचारलं, वडिलांचे पाय कसे होते? मी फोटोतल्या धोतराचं सांगितलं. मग म्हणाली, एक तपासणी करू, नमुना बाहेर पाठवावा लागेल.

निकाल आल्यावर तिने आम्हाला समोर बसवून सांगितलं. मला कळलं तसं सांगते, चूक असली तर माझी. आपल्या शरीरात काही कच्च्या पेशी असतात, ज्यांचं पुढे काय व्हायचं हे पक्कं झालेलं नसतं. कुणाची हाडाची पेशी होते, कुणाची चरबीची. जनुकं सगळ्यांत तीच. कुठली जागी व्हायची आणि कुठली झोपून राहायची यावर पेशी काय होणार ते ठरतं. चरबीच्या पेशीसाठी एक जनुक मुख्य. ते जागं झालं की त्याच्यापासून एक प्रथिन तयार होतं, ते बाकीच्या कितीतरी जनुकांना उठवतं, आणि त्या उठलेल्यांपैकी काही उलट येऊन पहिल्याला झोपू देत नाहीत. असं एकदा सुरू झालं की पेशी मागे फिरत नाही, तेल साठवायला लागते. प्रत्येकाकडे त्या जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. कुमुदकडे वडिलांकडून आलेली बिघडलेली होती. तिचं प्रथिन तयार व्हायचं, पण त्याला कुणाला उठवता येत नव्हतं. त्यामुळे हातापायांतल्या कच्च्या पेशी कच्च्याच राहिल्या. खाल्लेलं साठवायला जागा नाही म्हणून ते यकृतात, स्नायूत, रक्तात शिरलं. साखर त्यामुळे, पोटदुखी त्यामुळे, आणि वडिलांचं हृदय तरुणपणी थांबलं तेही बहुधा त्यामुळेच. आणि चरबीची पेशी नुसती साठवण करत नाही, डॉक्टर म्हणाली, ती मेंदूला निरोपही देते की आता पोट भरलं, पुरे. पेशीच कमी, तर निरोपही अपुरा.

इथे कुमुदने तिला थांबवलं. आतापर्यंत ती परीक्षेचा निकाल ऐकावा तशी ताठ बसली होती.

"म्हणजे मला खरंच भूक लागायची?"

डॉक्टर म्हणाली, हो. आणि कुमुद रडली. मी तिला लग्न मोडताना पाहिलं, आईला पोचवताना पाहिलं, फरशीवर लोळताना पाहिलं, पण अशी रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या पोरीएवढ्या डॉक्टरणीचा हात धरून ती हुंदके देत होती, आणि मी शेजारच्या खुर्चीत माझा सगळा देह घेऊन नुसती बसून राहिले.

दोन दिवसांनी ती पूर्वीसारखी झाली. डॉक्टर राउंडला आली तेव्हा कुमुदने तिलाच सगळं उलट समजावून सांगितलं. "मॅडम, माझं काय आहे, ग्राउंड मोठं आणि लीडर दोन. त्यातल्या एकाचा घसा बसलाय. जवळचे सावधानमध्ये येतात, लांबच्या रांगांना ऑर्डर ऐकूच जात नाही. हात-पाय लांबच्या रांगेत." डॉक्टर हसली आणि म्हणाली, अगदी तसं नाही, पण चालेल. माझ्यासाठी तिचं भाषांतर आणखी सोपं होतं. वहिनी, कांदा निघाला आणि चाळच नाही, मग माल घरभर पडणार. घरात कुजणार.

दवाखान्यातून ती आमच्याकडेच आली, कारण आता जवळजवळ बिनतेलाचं जेवण, वेळेवर आणि मोजून. पोट भरल्याचा निरोप पोचवणारं एक औषध बाहेरच्या देशांत मिळतं असं कळलं, पण ते मिळवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. बाकीची औषधं सुरू झाली, त्यांनी पुष्कळ फरक पडला. भूक होतीच. फक्त आता ती उघडपणे म्हणायची, मला भूक लागली आहे, आणि काकडी खायची. नोकरी सोडली नाही. सकाळी डबा घेऊन कॅम्पच्या बसला. अशी आमची घडी बसायला हरकत नव्हती, पण डॉक्टर आणखी एक गोष्ट बोलली होती. वडिलांकडून आलेलं हे दान कुमुदला मिळालं तसं भावालाही मिळालं असू शकतं, निम्मी शक्यता. पुरुषांत ते चटकन दिसून येत नाही. त्यांच्याकडे असेल तर त्यांच्या मुलीकडे जाण्याची शक्यता पुन्हा निम्मी. त्यांच्याकडे नसेल, तर मुलीचा प्रश्नच मिटला. तेव्हा आधी त्यांचं रक्त बघा.

तिचा भाऊ म्हणजे माझे यजमान. घरात मी अहो म्हणते, इथे अनिल लिहिते. मुलगी म्हणजे आमची सायली, अंबडला एका कंपनीत नोकरी करणारी, शेलाटी, लग्नाची. अनिलनी रक्त द्यायला नकार दिला. त्यांनाही साखर होती, पण साखर आता कुणाला नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा असलं काही कागदावर आलं की पाहुण्यांत पसरणार, सटाण्यापासून मालेगावपर्यंत, आणि मग पोरीला कोण करणार? ते वाईट माणूस नाहीत. घाबरलेले होते आणि घाबरलेला पुरुष घरात चिडतो. कुमुद ऐकेना. ती म्हणायची, दादा, लग्न मोडायला नाही म्हणत मी. तिला माहीत तर असू दे. मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर आईने मला तूप पाजलं नसतं. एका रविवारी जेवताना विषय हातघाईवर आला आणि अनिल म्हणाले, "तुझं झालं तेवढं पुरे. माझ्या पोरीच्या कपाळी ते लिहू नकोस."

कुमुद ताटावरून उठली. त्या दिवसापासून बहीण-भावाचं बोलणं बंद झालं.

एका घरात, एका टेबलावर, वर्षाच्या वर हे चाललं. मध्ये मी. अनिल पेपरमधून मान वर न करता म्हणायचे, कुमुदला सांग, गॅसवाला येणार आहे. कुमुद समोरच्याच खुर्चीत. तरी मी तिच्याकडे वळून सांगायचे, आणि ती म्हणायची, वहिनी, दादाला सांगा, मी आहे घरी. कधी ती आतल्या खोलीत असायची, मग मी उठून दारापर्यंत जायचे, निरोप द्यायचे, उत्तर घेऊन परत यायचे. कुमुदला सांग, पाऊस येतोय, छत्री ने. दादाला सांगा, गोळी घेतली का. दोघांना एकमेकांची काळजी होती आणि ती सगळी माझ्या पायांनी ये-जा करत होती. माझे गुडघे तेव्हापासून दुखतात, हे मी गमतीने म्हणत नाही. कितीदा वाटलं, ओरडावं दोघांवर. एकदा ओरडलेही. दोघांनी एकदम विचारलं, बरं नाही का?

सायलीचं वेगळंच. कुमुदचा तिच्यावर जीव, आणि जीव असल्यामुळेच ती तिच्याकडे बघायची. सायली दोरीवर कपडे घालायला हात वर करायची आणि कुमुदची नजर तिच्या दंडाकडे. सायली पायावर पाय टाकून बसली की पोटरीकडे. ती शोधत होती, शिरा दिसतात का. तोंडाने कधी काही म्हणाली नाही. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की सायली ऐन मे महिन्यात घरात पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालते. मी विचारलं तर म्हणाली, असंच. कुमुदच्याही ते लक्षात आलं. त्यानंतर सायली खोलीत आली की कुमुद डोळे मिटून पडून राहायची किंवा खिडकीबाहेर बघायची. दोघी मला एकटीला गाठून विचारायच्या, काय वाटतं, असेल का? सायली म्हणायची, बाबांनी नाहीच दिलं तर मी माझं करून घेईन. पण तिलाही धीर होत नव्हता. घाबरलेल्या माणसांचं घर होतं आमचं.

शेवटच्या सकाळी कुमुद चप्पल घालता घालता थांबली. मला म्हणाली, "दादाला सांगा, राहू दे ती टेस्ट. मी पुन्हा बोलणार नाही. फक्त सायलीला वर्षातून एकदा साखर आणि ती चरबी तपासायला सांगा, दुसरं काही सांगायची गरज नाही." तिचा आवाज भांडून दमलेल्या माणसाचा होता, रागाचा नव्हता. ती गेल्यावर मी अनिलना निरोप दिला. ते दाढी करत होते. बघू, म्हणाले. दुपारी शाळेतून फोन आला.

तेराव्यानंतर एके दिवशी अनिल न सांगता बाहेर गेले आणि परत आले तेव्हा कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटवलेला होता. रक्त देऊन आले होते. निकालाला काही आठवडे लागतात. ते आठवडे कसे गेले याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आम्ही तिघं जेवत होतो, कामाला जात होतो, सायलीच्या बाह्या पूर्णच होत्या. अनिल रोज संध्याकाळी फोन टेबलावर उताणा ठेवून बसायचे.

परवा तो वाजला. डॉक्टरीणच होती. अनिलनी फोन स्पीकरवर टाकला, कदाचित एकट्याने ऐकायचं बळ नव्हतं. ती म्हणाली, तुमच्या दोन्ही प्रती नीट आहेत. तुमची साखर साधी आहे, चारचौघांसारखी. मुलीला आता तपासायची गरज नाही. मग म्हणाली, कुमुदताई शेवटच्या तपासणीला आल्या तेव्हाही मला सायलीचंच विचारत होत्या.

म्हणजे ते कधी नव्हतंच. त्या रविवारी नव्हतं, सायलीने पहिल्यांदा पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला तेव्हा नव्हतं, कुमुद दारात चप्पल घालत होती तेव्हाही नव्हतं. चमचाभर रक्ताचा प्रश्न होता आणि ती चिंता उराशी धरून ती बसमध्ये चढली. मला राग आला. अजून आहे, आणि तो इथे लिहायला अनिलनी हरकत घेतलेली नाही. हा मजकूर त्यांनी वाचला आहे, छापू दे म्हणाले.

सायली उठून आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता. अनिल फोनकडे बघत बसले होते, मग चष्मा काढून पुसला आणि मान वर न करता, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कुमुदला सांग."

आणि मी उठले. गुडघ्यावर हात टेकून उठले, टेबलाला वळसा घातला आणि तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. कडी माझ्या हातात होती तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अनिल माझ्या मागे येऊन उभे राहिले. दार त्यांनीच उघडलं. आत पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली होती.